काचेच्या कपाटातली आद्य चकती

या, पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल, आणि उरलेली अर्धी कानात शिरली तरी कुणाच्या कामाची नाही. पाय हवे तर पसरा, मन मात्र आवरून धरा. आज राजाची गोष्ट नाही आणि राक्षसाचीही नाही. आज गोष्ट आहे एका साहेबांची, ज्यांच्या हाताखाली जवळजवळ उभ्या कारकिर्दीत काही म्हणून फुटलं नाही. ऐकायला गोड वाटतं ना? ऐका पुढे. गोड सांडलं की मुंग्या येतात, त्याही येतील.

हे साहेब एका मोठ्या कारखान्यातल्या चाचणीघराचे प्रमुख होते. कारखाना विमानांची इंजिनं बनवायचा. इंजिन म्हणजे काय, तर पोटात वणवा आणि त्या वणव्याच्या श्वासावर गरगर फिरणारी एक चकती. जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी, पण फार खानदानी धातूची. तिच्या कडेला चहूकडून पाती खोचलेली. फिरताना एकेक पातं बाहेर पळायला अशी ओढ घेतं, जणू त्याला भरलेला मालट्रक टांगला आहे. चकतीने त्या सगळ्यांना धरून ठेवायचं. तिला ते जमेनासं झालं की ती फुटते, आणि तिचे तुकडे मग वाटेत इंजिनाचं कवच आहे, पंख आहे की कुणाच्या घरचा कर्ता माणूस, असली चौकशी करत नाहीत.

म्हणून तर चाचणीघर. जमिनीत एक गोल खड्डा. त्याला जाड पोलादी कडं, कड्याच्या आतून लाकडाचे ठोकळे लावलेले, म्हणजे तुकडे उडाले तर त्यांतच रुतावेत. वर जड झाकण. झाकणातून एक बारीक दांडा खाली उतरतो, त्याला चकती टांगायची. पंप लावून खड्ड्यातली हवा काढून टाकायची, नाहीतर चकती तिच्याशीच झगडत बसते. मग फिरवायची. इंजिनात तिला जेवढं धावायचं आहे त्याहून बरंच जास्त पळवायची आणि तिथे थोडा वेळ धरून ठेवायची. हा झाला परीक्षेचा पहिला भाग. दुसरा भाग असा, की त्याच खेपेतली एक चकती घ्यायची आणि फुटेपर्यंत फिरवायची. ती कुठे फुटली हे कळलं, तरच बाकीच्या बहिणींच्या अंगात किती दम आहे ते कळणार. दुसरा मार्ग नाही. दोराला विचारून दोर आपली ताकद सांगत नाही.

साहेबांच्या राज्यात दुसरा भाग कधी झालाच नव्हता.

पहिला भाग व्हायचा. काटा ठरल्या खुणेवर यायचा, थोडा वेळ टेकायचा, आणि साहेब घसा खाकरून म्हणायचे, "थांबवा." चकती मंदावत थांबायची. साहेब सभोवार असं पाहायचे, जणू ती त्यांच्याच पुण्याईवर तरली. दुसऱ्या भागाचं कुणी काढलंच तर उत्तर तयार असायचं. "कशाला? मागच्या चकतीशी साम्य आहे. मागची चांगली निघाली, ही त्याच घराण्यातली." साम्य आहे म्हणून सूट, सूट आहे म्हणून सही. लोकांनी टर उडवायला त्यांचं नाव अखंडसाहेब ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की टर उडवणाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

पाहुणे आले की त्यांना आधी खड्ड्यापाशी नेलं जायचं. झाकण उचललं जायचं. "बघा आत. एकेक ठोकळा कोरा. कड्यावर ओरखडा म्हणून नाही." पाहुणे वाकून बघायचे आणि माना डोलवायचे. आता घरात उंदरांनी पोती पोखरली आहेत आणि मालक आल्यागेल्याला सापळा दाखवतो आहे, "बघा किती स्वच्छ, आजवर एक उंदीर शिरला नाही", तर अशा मालकाला तुम्ही काय म्हणाल? इथे मात्र टाळ्या पडायच्या. देवसुद्धा आपल्या लाडक्याला ताव दिल्याशिवाय पदरात घेत नाही. साहेब देवाहून कनवाळू. त्यांनी कुणाला चटका म्हणून लागू दिला नाही.

आणि हाच माणूस सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन बाजारात गेला की बघावा.

"साहेब, थाप मारून बघा. आवाजावरून कळतं," फळवाला म्हणायचा.

"थापांवर चालणारा माणूस मी नाही. काप."

"कापल्यावर तुम्ही घेतलं नाहीत तर कोण घेणार?"

"ती तुझी काळजी. काप."

फळवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कलिंगडाची त्रिकोणी फोड काढायचा. साहेब ती उजेडात धरायचे, चाखायचे, एक बी थुंकायचे आणि मगच मान हलवायचे. पोट न फाडता त्यांच्या घरात कलिंगड कधी आलं नाही. त्यांची एकुलती लेक लहानपणापासून बापाचं बोट धरून हा सोहळा बघत आली होती. पुढे ती शाळेत गणित शिकवू लागली, आणि त्याच कारखान्यात चकत्यांचे आराखडे काढणाऱ्या एका तरुणाशी तिचं लग्न झालं. म्हणजे जावयाने चकती आखायची आणि सासऱ्याने ती पारखायची. सोन्याहून पिवळं म्हणतात ते हेच. सोन्याहून पिवळं बहुतेक पितळ असतं, हे सांगायचं लोक विसरतात.

जावई हुशार होता आणि भित्राही. हुशार माणसाला सासरा साहेब मिळाला की तो भित्रा होतोच. त्याने एका लहान विमानाच्या इंजिनासाठी नवी चकती आखली होती. वजन कमी हवं होतं म्हणून तिची कंबर, म्हणजे कडेच्या आणि पोटाच्या मधली जाडी, बारीक केली होती. गणित सांगत होतं, टिकेल. पण पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या मागच्या आसनावर बसून इंजिनाचे काटे बघायचं काम त्याचंच होतं, आणि आपण ज्यावर बसणार त्या खुर्चीचे पाय माणूस जरा हलवून बघतोच. तो साहेबांच्या खोलीत गेला.

"सर, या वेळी एक फोडून बघू या."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय फोडून?"

"चकती."

"तुझी?"

"माझीच."

"आणि लोक काय म्हणतील? सासऱ्याने जावयाची चकती फोडली."

"लोक म्हणतील चाचणी केली."

"तुला लोक माहीत नाहीत. लोक म्हणतील, घरात काहीतरी बिनसलंय."

जावई उभाच होता. "कंबर बारीक केली आहे, सर. गणित बरोबर आहे, पण ते मीच मांडलं आणि तपासलंही मीच. आपणच पेपर लिहायचा आणि आपणच गुण द्यायचे, असं झालंय."

"मग पहिला येशील की," साहेब म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ, मागच्या चकतीशी हिचं साम्य आहे की नाही?"

"आहे. कंबर सोडून."

"कंबर वयाप्रमाणे बदलते. घराणं बदलत नाही."

"बाबा, त्या विमानात मी बसणार आहे." कचेरीत सर आणि घरी बाबा असा त्याचा नेम होता. तो त्या दिवशी मोडला.

"म्हणूनच सांगतो. फुटलेली चकती एकदा डोळ्यांनी बघितलीस की विमानात बसवेल का तुला? मी तुझ्या भल्याचंच बघतो."

ही माया. माया आंधळी असते एवढंच आपण ऐकलेलं असतं. ती दुसऱ्याच्या डोळ्यांवरही पट्टी बांधत फिरते. साहेबांच्या सहीशिवाय खड्ड्याचं झाकण हलत नसे, म्हणून जावई गप्प घरी गेला आणि बायकोला सगळं सांगून मोकळा झाला. भित्र्या नवऱ्यांची ही एक गोष्ट चांगली असते.

पुढे चाचणीचा दिवस ठरला. आपल्या जावयाची चकती म्हणून साहेबांनी घरच्यांनाही बोलावलं. लेक आली, तिची आई आली. वैमानिकही आला होता. गडी उंच, हसरा, आणि त्याला मोठ्या माणसांपुढे कसं बोलू नये हे कुणी शिकवलं नव्हतं. जाड काचेमागच्या खोलीत सगळे उभे राहिले. पंपाची घरघर झाली, काटा चढला, खुणेवर टेकला, आणि साहेब घसा खाकरून म्हणाले, "थांबवा." टाळ्या पडल्या.

वैमानिकानेही वाजवल्या. मग विचारलं, "छान. आणि फुटते कुठे?"

"फुटत नाही," साहेब म्हणाले.

"डोंगरही फुटतो, साहेब. ही कुठे फुटते?"

साहेबांनी त्याला साम्य समजावून सांगितलं. शांतपणे, जसं लहान मुलाला सांगतात तसं. वैमानिकाने सगळं ऐकून घेतलं.

"माझं माझ्या थोरल्या भावाशी फार साम्य आहे," तो म्हणाला. "तो नदी पोहून जातो. मी बुडतो."

मंडळी हसली. साहेबही हसले, पण जावयाकडे बघून, जणू हे असलं माणूस त्यानेच बोलावलं होतं.

चहापानासाठी सगळे बाहेरच्या दालनात आले. त्या दालनात मधोमध एक काचेचं कपाट होतं. आत मखमलीवर एक जुनी चकती उभी, तिच्यावर दिव्याचा झोत, पुढ्यात ताज्या फुलांचा गुच्छ. पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. खाली पितळी पाटी होती आणि ती रोज घासून लख्ख ठेवलेली असे. हातात कप घेऊन लेक पाटी वाचत उभी राहिली. 'आद्य चकती. हिच्या स्फोट-चाचणीच्या आधारावर पुढील सर्व चकत्यांना मान्यता देण्यात आली.'

तिने नवऱ्याला खूण केली. तो आला.

"तुझ्या चकतीचं साम्य कुणाशी?"

"मागच्या चकतीशी."

"आणि तिचं?"

"तिच्या मागच्या."

"असं करत करत?"

"असं करत करत या आद्य चकतीशी. ही थोरल्या साहेबांच्या, म्हणजे बाबांच्या आधीच्या प्रमुखांच्या वेळची. ही त्यांनी फोडली होती, म्हणून मग पुढच्या कुणाला फोडावं लागलं नाही."

"ही?"

"ही."

"फोडली होती?"

जावयाने पाटीकडे बघितलं. मग काचेतून आत बघितलं. चकती उभी होती. गोल, गरगरीत, एक टवकाही न उडालेली. तिच्या पोटातल्या भोकातून पलीकडे बिस्किटांची बशी दिसत होती. इतकी वर्षं तो रोज सकाळी तिच्यासमोरून जात होता. रोज. साहेब जात होते, पाहुणे जात होते, पाटी घासणारा तर रोज तिच्यापुढे वाकत होता. वाकणाऱ्याला वर दिसत नाही आणि ताठ मानेने चालणाऱ्याला खाली दिसत नाही. मधलं बघायला त्या इमारतीत कुणी नेमलेलंच नव्हतं.

"माझ्या वर्गात असंच होतं," लेक म्हणाली. "सगळी पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात. शेवटी पहिल्या बाकावर जाऊन बघावं, तर तिथला कागद कोरा."

जावई म्हणाला, "मी आत्ता जाऊन त्यांना दाखवतो."

"नको. चार लोकांत दाखवलंस तर ते पाटी बदलतील. त्यांना काय सांगायचं ते मी घरी सांगते."

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई जेवायला आले. लेक येताना कलिंगड घेऊन आली होती. जेवणं झाली. आईने टेबल पुसलं. लेकीने ते कलिंगड बापापुढे ठेवलं. साहेबांनी ते सवयीने एकदा फिरवून बघितलं. फोड काढल्याची खूण कुठेच नव्हती.

"कापून नाही घेतलंस?"

"नाही."

"का?"

"गरज नव्हती. साम्य आहे."

"कशाशी?"

"गेल्या खेपेच्या कलिंगडाशी. तोच फळवाला, तोच ढीग. घराणं एकच."

आई पाणी ओतता ओतता थांबली. जावई आपल्या नखांकडे बघू लागला.

"गेल्या खेपेचं गोड होतं?" साहेबांनी विचारलं.

"असणार. त्याचं त्याच्या आधीच्याशी साम्य होतं."

"म्हणजे ते कापलं नाहीस?"

"कशाला? चांगलं कलिंगड कोण कापतं? लोक काय म्हणतील?"

"खुळ्यासारखं बोलू नकोस. सगळ्यात पहिलं कुणीतरी कापलं असेल ना?"

"पहिलं ना? ते तुमच्या दालनात आहे, बाबा. काचेच्या कपाटात, मखमलीवर. खाली पाटी आहे, की हे कापून बघितलं होतं म्हणून बाकीची सगळी गोड. मी नीट बघितलं. त्याला सुरी लागलेली नाही."

साहेबांना कळायला वेळ लागला, कारण अशा माणसांना गोष्ट आधी कानाला लागते, मग रागाला आणि सगळ्यात शेवटी डोक्याला. ते लाल झाले. मग म्हणाले, थोरल्या साहेबांनी फोडली ती दुसरी असेल. मग म्हणाले, तुकडे ठेवायला बरे दिसत नाहीत म्हणून तिच्या जागी तिची बहीण ठेवली असेल.

"असेल," जावई अगदी हळू म्हणाला. "पण मग फोडली ती कुणी पाहिली? तुम्ही?"

"मी तेव्हा नव्हतो."

"मग कुणी सांगितलं?"

"पाटीवर लिहिलंय की."

आई इतका वेळ ऐकत होती. तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "माझ्या बहिणीला स्थळ आलं होतं, तेव्हाही सगळे असंच सांगत होते," ती म्हणाली. "ह्यांच्या ओळखीचे ते, त्यांच्या ओळखीचे हे, घराणं चांगलं. मुलाला कुणी पाहिलंच नव्हतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

लेक उठली. स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि मुठीकडून बापापुढे धरली.

"थाप मारून चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. बाजारातलं कलिंगड फाडून बघता आणि माझा नवरा ज्या चकतीवर बसून आभाळात जाणार, तिला नुसती थाप मारून परत येता. घ्या. हे तरी कापा."

साहेबांनी सुरी घेतली. त्यांना वाटलं असेल, निदान हे तरी गोड निघावं. कलिंगड करकरत दुभंगलं. आत पांढरं फटक. लेकीने ते मुद्दाम तसं आणलं नव्हतं, हे मागून तिने आईला सांगितलं. जो डोळे झाकून उचलतो त्याच्या पदरात कधीकधी असंही पडतं.

दुसऱ्या दिवशी साहेब कारखान्यात गेले ते कुणाशी न बोलता. खोलीत न जाता थेट खड्ड्यावर गेले आणि चालकाला म्हणाले, "त्याच खेपेतली दुसरी चकती चढवा."

"खुणेपर्यंत?"

"फुटेपर्यंत."

चालकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने जावयाकडे बघितलं. जावई मान हलवत होता. मग सगळ्यांची धावपळ उडाली. इतक्या वर्षांत कुणी फोडलंच नव्हतं म्हणून कुणाला नीट आठवेना की आधी काय करतात. ठोकळे पक्के आहेत का ते बघायला एक जण खड्ड्यात उतरला आणि वर येऊन म्हणाला की दोन सैल आहेत. का नसावेत? शोभेच्या वस्तू कुणी ठोकून बसवत नाही. ते नीट बसवले, झाकण आवळलं, पंप लावला.

काटा चढू लागला. साहेब काचेपुढे हात मागे बांधून उभे. काटा खुणेवर आला आणि त्यांचं तोंड उघडलं. घसा खाकरला गेला. इतक्या वर्षांची सवय, ती माणसाच्या आधी बोलते. जावयाने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी मागचा हात पुढे आणला, आपल्याच तोंडावर ठेवला आणि तसाच धरून उभे राहिले. चालक पुढे फिरवत राहिला.

खूण सरली. काटा आणखी थोडा सरकला. खरोखर थोडाच. आणि जमिनीखालून एक ठोका आला, वरच्या मजल्यावर कुणी भरलं पोतं टाकावं तसा. दालनातल्या चहाच्या कपबशा किणकिणल्या. काटा एकदम शून्यावर पडला.

झाकण उघडायला बराच वेळ गेला. आत चकतीचे तीन तुकडे होते, तीन दिशांना ठोकळ्यांत रुतलेले. एका तुकड्याने ठोकळा फोडून मागच्या पोलादी कड्याला हात लावला होता. जावई खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून वाकला. चकती फुटली होती ती नेमकी कंबरेतून.

"किती पुढे गेली?" साहेबांनी विचारलं.

"जेवढं हवं होतं त्याच्या जवळपासही नाही," जावई म्हणाला. "तुम्ही जिथे थांबवायचात ना, त्याच्या उंबऱ्यापाशीच आहे ही. एखादी बहीण जरा नाजूक निघाली असती, तर तिने उंबराही ओलांडला नसता."

आपली चकती फुटलेली बघून हा माणूस हसत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होता. साहेब मात्र त्या तुकड्यांकडे असे बघत होते, जणू ते त्यांच्या फोटोचे आहेत.

उड्डाण पुढे गेलं. चकतीची कंबर जाड झाली, वजन वाढलं, वरून बोलणी बसली ती जावयाने खाली मान घालून खाल्ली. नवी चकती आली, तिच्यातलीही एक फोडली. ती पार पुढे जाऊन फुटली, जिथे फुटायला हवी तिथे. तेव्हा वैमानिक आला, खड्ड्यात डोकावला आणि जावयाला म्हणाला, "हं. आता माझ्या मागे बसायला ये."

जावई जाऊन आला. लेक शाळेत होती. तिने त्या दिवशी मुलांना गणितं घातली नाहीत, कविता म्हणायला लावली, एवढंच तिच्या वर्गातल्या मुलांना आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, साहेब सुधारले असतील. तुमचं मन साफ आहे म्हणून असं वाटतं. साहेबांनी काय केलं ते ऐका. काचेच्या कपाटातली ती आद्य चकती त्यांनी बाहेर काढली आणि तीही फिरवली. बिचारी कुठल्या कुठे गेली. मागच्यापुढच्या सगळ्यांना मागे टाकलं आणि मगच फुटली. म्हणजे मुळातली होती ती खरोखर सोन्यासारखी. इतकी वर्षं तिच्या नावावर सगळ्यांचे संसार चालले आणि तिची स्वतःची परीक्षा घेऊन तिला मान द्यावा, असं एकालाही वाटलं नाही. फुलं मात्र रोज ताजी.

मग साहेबांनी कपाटात नव्या चकतीचे तुकडे मांडले, जुनीचे मांडले, दिव्याचा झोत आणखी एक वाढवला. निवृत्त झाल्यावरही ते पाहुण्यांबरोबर यायचे, झाकण उचलायला लावायचे आणि पोलादी कड्यावरच्या त्या ओरखड्यावर बोट ठेवून सांगायचे, "हा माझ्या काळातला. अख्ख्या कारखान्यात पहिली चकती मी फोडली." बोलताना छाती अशी फुगायची की वाटावं, आता हेच खुणेपलीकडे जातात. आधी न फुटल्याचा ताठा, मग फोडल्याचा ताठा. भांडं बदललं, दूध तेच नासलेलं. लोकांनीही नवं नाव ठेवलं. ते मी सांगत नाही. तुम्ही बायकामुलांत बसलेले आहात.

झाली गोष्ट. उठताना एवढं मात्र करा. उद्या कुणी तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणेल, तुम्ही चांगलेच असणार, घराणं चांगलं आहे. किंवा तुम्हीच दुसऱ्या कुणाला तसं म्हणायला तोंड उघडाल. तेव्हा घसा खाकरण्याआधी त्या लेकीची आठवण ठेवा, जिने बापापुढे न कापलेलं कलिंगड ठेवलं आणि सुरीची मूठ त्याच्याच बाजूला केली.